नाकाबंदीत चेहऱ्याचा फोटो मागितला तर द्यायचा का?

बर्डीवाला
मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला माझा भाचा दुकान बंद करून घरी येत होता. नाकाबंदी लागलेली. लायसन्स, गाडीचे कागद सगळं बरोबर. तरी एकाने मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरून फोटो काढला, थोडा वेळ स्क्रीनकडे पाहिलं आणि "जा" म्हणाला. कोणत्या हद्दीत ते लिहीत नाही, पोराच्या मागे झंझट नको. घरी येऊन तो हसत सांगत होता, "मामा, मी पास झालो." मला काही हसू आलं नाही. परीक्षा कोणती होती, आणि पेपर आता कोणाकडे आहे?

नागपूर पोलिसांचं 'सिम्बा' नावाचं ए.आय. सॉफ्टवेअर चेहरा आणि आवाज ओळखतं, हे पेपरात येऊन गेलं. 2024 मध्ये सरकारने पोलिसांच्या ए.आय.साठी 'मार्वल' नावाची कंपनी काढली, तीही आपल्याच शहरात, आयआयएमला सोबत घेऊन. चौकातल्या कॅमेऱ्यांना माझी हरकत नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर पहिलाच रिप्लाय "चोराच्या मनात चांदणं" असा येईल. माझं म्हणणं एवढंच: ज्याच्यावर गुन्हा नाही त्याचा फोटो काढला, गुन्हेगारांच्या फोटोंशी जुळला नाही, मग तो कधी पुसणार? हे कुठे लिहिलेलं आहे का?

निवृत्त_जमादार
31 वर्षं खाकी घातली. आम्ही वॉन्टेडचा फोटो खिशात घेऊन फिरायचो, घामाने त्याचं तोंड पुसून जायचं. संशय आला की पोराला ठाण्यात आणून बसवायचं, सकाळी साहेब आले की सोडायचं. बाहेर त्याची माय रडत उभी. तुमच्या भाच्याला काही मिनिटांत घरी धाडलं. यात वाईट काय झालं ते सांगा.

आणि ऑगस्ट 2025 विसरलात का? नागपूर-जबलपूर हायवेवर ट्रकने बाईला उडवलं, मदतीला कोणी थांबेना, नवऱ्याने तिचा मृतदेह मोटरसायकलला बांधून नेला. ट्रकवर लाल खुणा होत्या, एवढाच धागा. टोलनाक्यांचं फुटेज मार्वलच्या यंत्राने चाळलं आणि 36 तासांत ट्रक धरला. हाताने चाळत बसले असते तर पोळा आला असता.

तर्रीबाज
जमादार साहेब, तो ट्रक होता ना बाप्पा! ट्रकची कुठं बदनामी होते? चुकीचा ट्रक थांबवला तर ड्रायव्हर दोन शिव्या घालून निघून जाते. चुकीचं पोरगं उचललं तर त्याचं जमलेलं लग्न मोडते. काहून दोन्ही एका तराजूत टाकून राहिले?

महालची_सून
माझ्या सासूबाईंचं मंगळसूत्र देवळातून येताना ओढलं. मानेवर वळ महिनाभर होता. चोर सापडला तो कॅमेऱ्यामुळे. त्या दिवशी कोणी खासगीपणावर भाषण द्यायला आलं नव्हतं. दिल्लीत 2018 साली पोलिसांनी हेच तंत्र वापरून चार दिवसांत जवळपास 3,000 हरवलेली मुलं ओळखली होती. ज्यांचं लेकरू हरवलं त्यांना विचारा फोटो पुसायचा की नाही ते.

आकडेमोड
वहिनी, वळाबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण दिल्लीची गोष्ट अर्धीच सांगितलीत. त्याच वर्षी पोलिसांना उच्च न्यायालयात सांगावं लागलं की त्या यंत्रणेची अचूकता 2 टक्के आहे. पुढच्या वर्षी तर 1 टक्क्याच्याही खाली, मुलगा आणि मुलगी यांतही तिची गफलत होत होती. 2022 मध्ये आरटीआयच्या उत्तरात दिल्ली पोलिसांनी सांगितलं की 80 टक्क्यांच्या वर साम्य असेल तर आम्ही 'जुळला' धरतो. यंत्र हो-नाही बोलत नाही, टक्के देतं. रेघ कुठे मारायची ते माणूस ठरवतो, आणि इथे ती कुठे मारली आहे ते मला तरी कुठे वाचायला मिळालेलं नाही.

आता दीक्षाभूमीचं गणित करा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखोंनी लोक येतात. समजा 1 लाख चेहरे तपासले आणि यंत्र हजारात एकदाच चुकतं, म्हणजे फारच हुशार. तरी 100 निरपराध माणसं बाजूला काढली जाणार. त्या गर्दीत खरे फरार असतील पाच-सात.

निवृत्त_जमादार
बाजूला काढणं म्हणजे अटक नव्हे हो. आधार कार्ड पाहिलं, सोडलं. नुसत्या यंत्राच्या सांगण्यावर कोणता शहाणा अधिकारी अटक करेल?

आकडेमोड
अमेरिकेत डेट्रॉइटला जानेवारी 2020 मध्ये केली. घड्याळचोरीचं धूसर फुटेज, यंत्राने एका माणसाचं जुनं लायसन्स दाखवलं, पोलिसांनी त्याला मुलींसमोर बेड्या घातल्या. 30 तास कोठडी. यंत्राच्या अहवालावर "हा फक्त सुगावा आहे" अशी सूचना होती. 2024 मध्ये त्याच्या दाव्यात तडजोड झाली, तेव्हा कुठे नियम लिहिला गेला: नुसत्या या जुळणीवर अटक नाही.

वकीलबाई
सगळेच भावनेवर चाललेत, थोडं कायद्याचं बोलू. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. त्यात सरकारने हात घालायचा तर कायद्याचा आधार हवा, कारण रास्त हवं आणि उपाय त्या कारणाच्या मापाचा हवा. 2023 चा डेटा संरक्षण कायदा इथे फार कामाचा नाही, गुन्ह्याच्या तपासाला त्यात सूट आहे.

खरी मौज पुढे आहे. 2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने अटकेतल्या माणसाचे फोटो, बुबुळं, ठसे घेता येतात आणि नोंद 75 वर्षं ठेवता येते. पण आधीची शिक्षा नसलेला माणूस निर्दोष सुटला, तर ती नष्ट करायची तरतूदही त्यात आहे. म्हणजे अटक झालेल्याला निदान एक कलम दाखवता येतं. बर्डीवाल्यांचा भाचा अटकेत नव्हता, त्यामुळे त्याच्या फोटोला हा कायदाच लागत नाही. आरोपीपेक्षा त्याचीच बाजू लंगडी.

महालची_सून
हे मला माहीत नव्हतं. तरी कॅमेरे काढा म्हणाल तर मी विरोधातच.

अंगणवाडीताई
काढा कोणीच म्हणून नाही राहिलं ताई. आम्ही दर डिसेंबरला अधिवेशनावर मोर्चा घेऊन येतो. पोलीस व्हिडिओ काढतात, ते जुनंच आहे. आता त्या व्हिडिओतून एकेकीचं नाव निघालं तर? मानधनासाठी यायचं आणि तोंडावर पदर घेऊन उभं राहायचं का? आमच्यातल्या दोघी यंदा येत नाही म्हणाल्या.

तर्रीबाज
ताई, हे सगळ्यात भारी बोलल्या तुम्ही.

बर्डीवाला
मी आरटीआय टाकतोय. चार प्रश्न: किती टक्क्याला जुळलं धरता, न जुळलेला फोटो किती दिवस ठेवता, तो अधिकाऱ्याच्या खासगी मोबाइलमध्ये राहतो का, आणि आतापर्यंत चुकीची जुळणी किती. वकीलबाई, नजर टाकाल का?

वकीलबाई
150 शब्दांत बसवा, विषय एकच ठेवा, नाहीतर त्यावरच परत करतील. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प विसरू नका.

निवृत्त_जमादार
टक्क्याचा प्रश्न पहिला लिहू नका. "तपासात अडथळा येईल" म्हणून तिथेच आरटीआयचं कलम 8 लावून माहिती नाकारतील. फोटो किती दिवस ठेवता, ते आधी विचारा. आणि "धोरण काय" असं मोघम लिहू नका, त्या परिपत्रकाची प्रत मागा. परिपत्रक नसेल तर "अभिलेखावर उपलब्ध नाही" असं लेखी द्यावं लागेल. माझा विरोध कायम आहे, पण अर्ज तरी धड लिहा.