सगळं हवामानावर ढकलू नका: कासचं पठार आणि बंद केलेली गुरं

सड्यावरची: काल इथं कुणीतरी लिहिलं, "कासची फुलं कमी झाली ती हवामानबदलानं, त्याला वनखातं काय करणार?" राहवलं नाही म्हणून लिहिते. पाऊस बिघडलाय, मान्य. पहिल्या सरीला जांभ्यावरच्या बोटभर मातीत बी रुजतं, मग पंधरा दिवस उघडीप पडली की रोपं जागच्या जागी करपतात. म्हणूनच तर कारभार बदलायला हवा! २०१२ला जागतिक वारसा मिळाला, पठारावर गुरं चारणं बंद झालं. माझे आजोबा तिथंच गुरं सोडायचे. आता गवत गुडघ्याला लागतं, खालच्या सीतेच्या आसवांच्या इवल्या फुलांना ऊन मिळत नाही.

पाटणवाला: गुरांचं कौतुक पुरे. गर्दीच्या रविवारी लोक फुलांवर बसून फोटो काढताना बघितलेत मी. कुंपण घातलं नसतं तर डबक्यात फुलणारा वायतुराही उरला नसता. आज गुरं सोडा म्हणताय, उद्या हॉटेलं मागाल.

सड्यावरची: हॉटेलांचं नाव मी काढलं का? गुराखी आणि हॉटेलवाला तुम्हाला एकच दिसतात?

कडेगावकर: फुलांवर भांडताय, जरा आमच्या सांगलीकडं सागरेश्वरला या. जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, भोवती शेती. धों. म. मोहित्यांनी उघड्या डोंगरावर झाडं लावून उभं केलेलं. उन्हाळ्यात पाणवठे आटले की हरणं जाळीबाहेर. माझ्या दहा गुंठे भुईमुगाचे नुसते खुंट राहिले. पंचनाम्यासाठी तीन हेलपाटे घातले.

पाटणवाला: हरणांचा वेगळा धागा काढा.

कडेगावकर: का म्हणून? पाणी आटतंय ते हवामानानंच ना? की हवामान फक्त फुलांना लागतं?

पाटणवाला: हवामानाचं मला सांगू नका. जुलै २०२१ला आमच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडीखाली माणसं गेली. तो पाऊस मी रात्रभर पत्र्याखाली बसून ऐकलाय. कुणी हवामान नाकारलं की डोकं फिरतं माझं.

सड्यावरची: नाकारलं कुठं? एका तुकड्यात गुरं सोडा, शेजारच्यात नको. पाच वर्षं दोन्हीकडची फुलं मोजा. एवढंच मागतेय.

पाटणवाला: मोजणार असाल तर तेवढ्यापुरतं मान्य. टोपली कारवीच्या जागेत मात्र नाही. सात वर्षांनी फुलणारं झाड तुडवून कसली परीक्षा?

सड्यावरची: वगळा ती जागा. पण मोजायला गावची माणसं घ्या. पहिली सर कधी आली ते आमच्या काकूच्या कॅलेंडरवर दर वर्षी लिहिलेलं असतं.

कडेगावकर: आणि आमचे पाणवठे?