मदत हवी आहे : साय-फायमधल्या प्रेमकथेत 'तिचा' बदल कुठे दाखवावा?

२५ पानांची पटकथा आहे, म्हणजे साधारण २५ मिनिटं. अंतराळयानात दोघंच. अडचण अशी की नायक बदलतो आणि नायिका फक्त त्याला होकार देते.

'पॅसेंजर्स' (२०१६) नेमका इथेच घसरतो, असं माझं ठाम मत आहे. १२० वर्षांच्या अंतराळप्रवासात सगळे प्रवासी दीर्घनिद्रेत असतात. त्यातला नायक जिम ९० वर्षं आधी जागा होतो आणि वर्षभराच्या एकटेपणानंतर नायिका ऑरोराला मुद्दाम उठवतो. तिला ते कळतं, ती संतापते, ते सगळं खरं वाटतं. पण मग यान बिघडतं आणि जीव वाचवण्याच्या धावपळीत तिचा राग विरून जातो. माफ करायचं की नाही, हे शांतपणे ठरवायला तिला वेळच मिळत नाही.

याउलट 'वॉल-ई' (२००८) बघा. यात नायक वॉल-ई आणि नायिका ईव्ह दोघंही यंत्रमानव. ईव्ह बंद पडलेली असताना वॉल-ई पावसात तिच्यावर छत्री धरतो. हे तिला तेव्हा माहीतच नसतं. पुढे स्वतःच्याच कॅमेऱ्यातलं चित्रण बघताना तिला ते दिसतं, आणि तिथून तिचा अग्रक्रम बदलतो. नंतर ज्या रोपट्याच्या शोधात ती पृथ्वीवर आली होती, तेच बाजूला टाकून त्याला वाचवायला धावते. संवाद जवळपास नाहीतच!

तर जाणकारांना दोन प्रश्न :

असा 'उशिरा कळलेला' प्रसंग २५ पानांत कितव्या पानावर ठेवावा? मी १५ धरलंय, पण मग तिच्या कृतीला जेमतेम १० पानं उरतात.

आणि माणसांच्या गोष्टीत चित्रणाऐवजी काय वापरता येईल? यानाची नोंदवही फार सोयीची वाटते.