बर्मिंगहॅममध्ये बिनव्याजी घर घ्यायचंय, कुणी घेतलंय का?

खाडीकाठ: सलाम आणि नमस्कार. आम्ही मूळ दापोलीकडचे, नऊ वर्षं बर्मिंगहॅममध्ये. 2,60,000 पौंडांचं घर बघितलंय. हातात 52,000, म्हणजे बरोबर 20 टक्के. महिन्याला 1,400 च्या वर झेपणार नाही. व्याजाचं कर्ज नको हे घरात ठरलंय, त्यावर वाद नको. होम पर्चेस प्लॅन, म्हणजे बिनव्याजी घर घ्यायची योजना, घेतलेल्यांनी अनुभव सांगा.

स्लाउकर_पुणेकर: नाव वेगळं, हप्ता तोच. उलट महागच पडतो. मी साधं मॉर्गेज घेतलं, सुखात आहे.

रेहाना_लंडन: दादा, सौदा वेगळा आहे. बँक आणि तुम्ही मिळून घर घेता. तिच्या हिश्श्याचं भाडं भरायचं आणि दर महिन्याला तो हिस्सा थोडा थोडा विकत घ्यायचा. पूर्वी यात दोनदा स्टॅम्प ड्यूटी पडायची, 2003 च्या कायद्याने ते थांबलं. आम्ही 4,80,000 चं घेतलं. तुम्हीही मोठंच बघा, मुलं वाढतात.

स्लाउकर_पुणेकर: भाडं बँक ऑफ इंग्लंडच्या दरावरच हलतं ना? मग व्याजच झालं.

रेहाना_लंडन: हलाल मटणाचा भाव शेजारच्या दुकानाइतकाच असला म्हणून ते हराम होतं का? कुरआनात व्यापार हलाल आणि सूद हराम, असं स्पष्ट आहे. आम्हाला रात्री शांत झोप लागते, त्याचे जास्तीचे पौंड मी आनंदाने देते.

ठेवीदार_लेस्टर: मी मुसलमान नाही, पण माझी ठेव अल रायान या इस्लामिक बँकेत आहे. दारू-जुगाराच्या धंद्यात पैसा घालत नाहीत म्हणून. 2004 मध्ये इस्लामिक बँक ऑफ ब्रिटन या नावाने सुरू झाली, तेव्हा मुख्यालय तुमच्या बर्मिंगहॅममध्येच होतं. ठेवींना इतर बँकांसारखंच सरकारी संरक्षण आहे. घराचं मात्र मला माहीत नाही.

मुंब्रा_ते_ल्यूटन: माझं ऐका, वकील आधी शोधा! आमच्या वकिलाने असा करार कधी पाहिलाच नव्हता. साडेचार महिने गेले, विकणारा कंटाळून दुसरीकडे गेला, सर्व्हेचे पैसे बुडाले. दुसऱ्या वेळी अनुभवी वकील घेतला, नऊ आठवड्यांत चावी मिळाली.

फिरदौस_कौसा: तुम्हाला तिकडे पर्याय तरी आहे. इथे भारतात 2008 मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली, 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने पुढे न जाण्याचं ठरवलं. माझे अब्बा पासबुकातलं व्याज दरवर्षी मोजून वेगळं काढायचे आणि सवाबची (पुण्याची) नियत न ठेवता गरजूंना द्यायचे. बँकेशिवाय पगार मिळत नाही, पण ते पैसे आमच्या ताटात येऊ नयेत एवढीच त्यांची धडपड होती.

गल्फ_रिटर्न: भावांकडून उसने घ्या, रोखीत घर घ्या. मी खेडला तसंच बांधलं.

मुंब्रा_ते_ल्यूटन: भाऊ, दोन लाख पौंड कोण उसने देणार? खाडीकाठ, तीन गोष्टी लेखी विचारा: भाडं कधी बदलतं, घराचा विमा कोणाकडे, लवकर फेडलं तर दंड आहे का. बाकी सौद्याबद्दल रेहानाताईंचं बरोबर आहे.

खाडीकाठ: सगळ्यांचे आभार. हिशेब केला. भाडं थोडं वाढलं तरी 1,400 ओलांडतं. ते घर सोडलं. दोन बेडरूमचं, 2,05,000 चं जुनं टेरेस (ओळीतलं, भिंतीला भिंत लागून असलेलं) घर बघतोय, प्लॅनवरच. बायको म्हणते, अम्मी इकडे आल्या की मुलांची खोली त्यांना देऊ, मुलं हॉलमध्ये झोपतील. मुंब्रावाले भाई, त्या दुसऱ्या वकिलाचं नाव व्यक्तिगत निरोपात कळवाल का?