रेनॉक्स २५० लावून जंपिंग स्पायडर: डोळे मऊ येतात, त्यांत पांढरा चौकोन दिसतो

भिंतीवरचा_कोळी
जाणकारांनी मार्गदर्शन करावे. कॅननची क्रॉप (लहान सेन्सरची) बॉडी, २४ मेगापिक्सेल, ५५-२५० एसटीएम झूम लेन्स, पुढे रेनॉक्स डीसीआर-२५० (लेन्सच्या तोंडावर लावायचे क्लोज-अप भिंग). हॉटशूवर मॅन्युअल फ्लॅश, त्यावर बाजारात मिळते ती पांढरी प्लास्टिकची टोपी. झूम २५० ला, एफ/२२, १/२००, आयएसओ २००, फ्लॅश १/२ पॉवरवर. बाल्कनीच्या भिंतीवरचे प्लेक्सिपस आणि पुण्यात तळजाई टेकडीवर पानांवर सापडणारी टेलामोनिया (पिवळट, पाठीवर दोन लाल पट्टे) हे उड्या मारणारे कोळी सब्जेक्ट.

फोकस डोळ्यावर असूनही डोळे मऊ, केस एकमेकांत मिसळलेले. डोळ्यात पांढराफटक चौकोन. मागे काळोख. सरळ १०० मिमी मॅक्रो घेतली तर हे सुटेल का?

वेताळाचा_शेजारी
नाही सुटणार. तोच फ्लॅश, तीच टोपी आणि तेच एफ/२२ असेल तर महागड्या लेन्समधूनही हाच फोटो येईल.

एफ/२२ सोडा आधी. छिद्र इतके बारीक केले की डिफ्रॅक्शनने (छिद्राच्या कडांशी प्रकाश वाकल्याने) प्रत्येक बिंदू पसरतो. त्यातून मॅक्रोत इफेक्टिव्ह अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सवरचा आकडा × (१ + मॅग्निफिकेशन). २एक्सला (सेन्सरवर दुप्पट आकाराला) तुमचे एफ/२२ झाले एफ/६६! एफ/११ च्या पुढे जाऊ नका.

भिंगवाले_काका
एफ/११ बरोबर, हिशेब चुकला. ते सूत्र एक्स्टेंशन ट्यूबला, उलट्या लावलेल्या लेन्सला चालते. रेनॉक्स हे ८ डायॉप्टरचे, म्हणजे १२५ मिमी फोकल लेंथचे भिंग. मागची लेन्स इन्फिनिटीला (अगदी दूरवर) फोकस केलेली असेल तर एफचा आकडा आहे तोच राहतो. अर्थात एफ/२२ ही काही कमी वाईट नाही: एका बिंदूचा डाग सुमारे ३० मायक्रॉनचा आणि तुमचा पिक्सेल ३.७ मायक्रॉनचा. एक बिंदू आठ पिक्सेलवर सांडतो. एफ/११ ला तो डाग निम्मा.

आता मुख्य मुद्दा, झूमचा. इन्फिनिटीला मॅग्निफिकेशन म्हणजे झूम भागिले १२५. २५० ला २एक्स, फ्रेमची रुंदी जेमतेम ११ मिमी, आणि एफ/११ ला डेप्थ (फोकसमध्ये येणारी खोली) ०.१ मिमीच्या आसपास. एवढ्याशा खोलीत डोळ्याचा पुढचा फुगवटाही पुरता बसत नाही. झूम १५० वर आणा: १.२एक्स, रुंदी साडेअठरा मिमी, डेप्थ ०.३ मिमी. आठ मिमीचा कोळी आरामात बसतो, हवे तर क्रॉप करा. झूम आणखी फार कमी केला तर कोपरे काळे पडतील. अंतर दोन्हीकडे तेवढेच, भिंगापुढे ११-१२ सेंमी.

एसटीएमच्या रिंगवर खुणा नसतात. म्हणून रेनॉक्स काढून दूरच्या इमारतीवर फोकस करा, एमएफ (मॅन्युअल फोकस) वर टाका आणि मग भिंग लावा. नंतर रिंगला हात लावायचा नाही, फोकस शरीर पुढेमागे करून. पान किंवा काडी डाव्या हाताच्या चिमटीत धरा आणि लेन्स त्याच हातावर टेकवा, म्हणजे कोळी आणि कॅमेरा एकत्रच हलतात. भिंतीवर असेल तर बोटांची पेरे भिंतीला टेकवा.

बटरपेपर
चौकोनाचे माझ्याकडे. फ्लॅशची टोपी कोळ्यापासून पाव मीटर लांब, म्हणून त्याच्या दृष्टीने दिवा चिमुकला, आणि तोच डोळ्यात छापला जातो. दिवा मोठा आणि जवळ हवा.

बोहरी आळीत पॅकिंगचे सामान विकणाऱ्यांकडे पातळ पांढरा फोम मिळतो, स्टेशनरी अप्पा बळवंत चौकात. काळ्या कार्डशीटचे नरसाळे करून आतून स्वयंपाकघरातली फॉइल चिकटवा, फ्लॅशच्या डोक्याला वेल्क्रोने बसवा. नरसाळ्याच्या तोंडावर ट्रेसिंग पेपर. मग ४-५ सेंमी मोकळी जागा, आणि त्यापुढे २० × १५ सेंमीचा फोम, कमानीसारखा वाकवून. हा झाला डिफ्यूझर. ही मोकळी जागाच महत्त्वाची. दोन्ही थर एकमेकांना चिकटवले तर मधोमध प्रखर ठिपका राहतो. फोमची कड रेनॉक्सच्या ३-४ सेंमी पुढे यावी, खाली झुकलेली. त्याहून पुढे काढली तर फांद्यांना अडकते आणि कोळी पळतो.

चाचणी कोळ्यावर नको. मंगळसूत्राचा एक सुटा काळा मणी पानावर ठेवा, त्याच अंतरावरून फोटो काढा. मण्यात मोठी, कडेला विरघळत जाणारी पांढरट कमान दिसली तर जमले. चौकोन दिसला तर ट्रेसिंग पेपरचा आणखी एक थर. रंग पिवळट आला तर पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स घ्या. पोट काळे पडत असेल तर खाली व्हिजिटिंग कार्डाएवढा पांढरा कागद धरा.

एफ/२२ वरून एफ/११ ला आलात की दोन स्टॉप, म्हणजे चौपट उजेड मिळतो, तो बराचसा डिफ्यूझर खातो. आयएसओ ४०० करा आणि फ्लॅश १/८ ते १/१६ वर ठेवा. पॉवर कमी तितका झोत आखूड, हाताची थरथर त्यातच गोठते. एचएसएसच्या (हाय-स्पीड सिंकच्या) नादी लागू नका, त्यात हा फायदा जातो.

भिंतीवरचा_कोळी
मण्याची युक्ती भारी. काळोखाचे काय? आणि एकाच कोळ्याचा डोळा एका फ्रेममध्ये काळा, दुसरीत तपकिरी कसा?

वेताळाचा_शेजारी
डिफ्यूझर कोळ्यापासून १० सेंमीवर आणि मागची झाडी कोळ्यामागे ३० सेंमीवर असेल तर झाडीला सोळावा हिस्सा उजेड पोचतो. मागे ४-५ सेंमीवर एखादे पान येईल असा कोन शोधा, जवळजवळ निम्मा उजेड मिळतो.

डोळ्याचे असे की समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांचे भिंग जागचे हलत नाही, आतली रेटिनाची नळी हलते. नळी थेट तुमच्याकडे वळली की डोळा काळाभोर दिसतो. एकदम आठ-दहा फ्रेम घ्या आणि दोन्ही काळे असलेली ठेवा.

भिंगवाले_काका
त्याच फ्रेम स्टॅकलाही (वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम जोडून एक फोटो करायला) कामी येतात. डोळ्याच्या पुढच्या कडेपासून सुरू करून सावकाश पुढे झुकत बर्स्ट मारा, जिवंत कोळ्याला ५-८ फ्रेम पुष्कळ. फ्लॅश १/३२ ला टाका, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या फ्रेमला तो दमतो आणि मधलीच फ्रेम काळी येते. उजेड कमी पडला तर आयएसओ ८००. कोळी शिकार खात असेल तेव्हा बराच वेळ जागचा हलत नाही, तीच संधी. फ्रिजमध्ये ठेवून थंड करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आणि पान दुमडून आत पांढरे रेशीम दिसले तर ते उकलू नका, मादी अंड्यांवर असू शकते.

झेरीन या स्टॅक जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये केसांसाठी पीमॅक्स ही पद्धत, गुळगुळीत भागासाठी डीमॅप, आणि दोन्हींतले चांगले ब्रशने उचलायचे. तोंडापुढचे ते दोन छोटे पाय सतत हलतात आणि स्टॅकमध्ये दुहेरी दिसतात. तेवढा भाग एकाच फ्रेममधून घ्या.