एनबीए संघाची पंधरावी जागा: ‘वेव्ह’, ‘गॅरंटीड’, ‘कॅप’, ‘टू-वे’ यांना मराठीत काय म्हणावं?

धागाकर्ता:

ऑक्टोबर उजाडला की एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, संघांत नावं कापायचं काम सुरू होतं. सुट्टीच्या काळात एका संघाला २१ जणांना करारावर ठेवता येतं. हंगाम सुरू होताना मात्र जास्तीत जास्त १५ नियमित करारावर आणि ३ ‘टू-वे’ करारावर, एवढेच उरतात. या दिवसांत मराठीत एक वाक्य हमखास वाचायला मिळतं, ‘अमुक संघाने अमुक खेळाडूची हकालपट्टी केली’. मूळ बातमीत शब्द असतो ‘वेव्ह’. मी शाळकरी मुलांना बास्केटबॉल शिकवतो आणि माझ्याकडच्या पोरांना एनबीएचा भारी नाद आहे. असं काही वाचलं की ती लगेच विचारतात, ‘सर, त्याने काय केलं होतं?’ त्याने काहीच केलेलं नसतं. फक्त जागा भरलेल्या असतात.

‘वेव्ह’ला नेमका शब्द कोणता? आणि त्याच्यासोबत येणारे सॅलरी कॅप, एप्रन, गॅरंटीड, टू-वे, टेन-डे, यांचं काय करायचं? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १:

हकालपट्टी नकोच. त्या शब्दात शिस्तभंग गृहीत आहे. काही ठिकाणी ‘माफ केले’ असंही वाचलंय. ते कर्जमाफी, फीमाफीवरून आलं असणार आणि मुळाशी ते अगदीच चुकीचं नाही. ‘वेव्ह’ म्हणजे आपला हक्क सोडणं. आपल्याकडे वडिलोपार्जित मिळकतीत भावंडं हक्कसोडपत्र करतात, त्यातला ‘हक्कसोड’ हाच इथला अर्थ. संघ खेळाडूवरचा हक्क सोडतो. पुढचे ४८ तास बाकीच्या संघांना विचार करायला मिळतात. एखाद्याने दावा केला तर खेळाडू आहे त्या करारासकट तिकडे जातो. कुणीच केला नाही तर तो मोकळा होतो आणि कुणाशीही नवा करार करू शकतो.

म्हणून बातमीत मी लिहीन, ‘संघाने त्याला मोकळं केलं’. ‘क्लेम’ला ‘दावा’. आयपीएलच्या लिलावामुळे ‘उचललं’ही सगळ्यांना कळतं.

जेरेमी लिन या खेळाडूचा २०११ चा डिसेंबर आठवा. ९ तारखेला गोल्डन स्टेटने सोडला, १२ ला ह्यूस्टनने उचलला. २४ तारखेला, नाताळच्या आदल्या दिवशी, ह्यूस्टननेही सोडला, कारण सॅम्युएल डॅलेम्बेअरसाठी जागा हवी होती. २५ ला न्यूयॉर्क निक्सच्या इमान शम्पर्टचा गुडघा दुखावला आणि २७ ला निक्सने लिनवर दावा केला. तीन आठवडेही झाले नव्हते आणि तीन संघ झाले. यात हकालपट्टी कुठे आहे? प्रत्येक वेळी प्रश्न पंधराव्या जागेचाच होता. निक्समध्येही तो बाकावरच होता, मध्ये खालच्या लीगमध्ये ईरीला पाठवला, परत बोलावला. ४ फेब्रुवारीला न्यू जर्सी नेट्सविरुद्ध मैदानात सोडला, तेव्हा त्याने २५ गुण केले. १० फेब्रुवारीपर्यंत निक्सने त्याला मोकळं केलं असतं, तर उरलेल्या हंगामाचा पगार त्याला मिळाला नसता. त्याच्या अचानक बहरलेल्या खेळाचा, सगळ्या जगाने पाहिलेला तो फेब्रुवारी या एका तारखेच्या अलीकडे सुरू झाला, म्हणून घडला.

आणि ‘वेव्ह’ होतात ते फक्त बाकावरचेच, असंही नाही. जुलै २०२५ मध्ये मिलवॉकीने डेमियन लिलार्डला मोकळं केलं. एप्रिलमध्ये त्याच्या टाचेमागचा स्नायुबंध (अकिलीस) तुटला होता. त्याच्या कराराचे दोन वर्षांचे सुमारे ११ कोटी ३० लाख डॉलर बाकी होते. ते पैसे बुडाले नाहीत, संघाच्या हिशोबात ते पाच वर्षांवर पसरले गेले, वर्षाला साधारण सव्वादोन कोटी. नियम असा की उरलेली वर्षं दुप्पट करून त्यात एक मिळवायचं. याला ते ‘स्ट्रेच’ म्हणतात. मराठीत शब्द तयारच आहे, हप्ते पाडले. खेळाडू पोर्टलंडला परत गेला, हप्ते मिलवॉकीच्या नावावर राहिले.

प्रतिसाद २:

‘मोकळं केलं’ आवडलं. पण वर तारखेचा उल्लेख आलाय, त्यावरून ‘गॅरंटीड’बद्दल बोलायलाच हवं, कारण खरा गोंधळ तिथे आहे.

मराठीत आपण ‘करार पक्का झाला’ म्हणतो तेव्हा अर्थ एवढाच, की सह्या झाल्या. एनबीएत सह्या झाल्या तरी पैसे पक्के नसतात. ऑक्टोबरच्या सराव-शिबिराला येणाऱ्या कित्येकांच्या करारात हमीचा एक डॉलरही नसतो. तेव्हा ‘पक्का’ हा शब्द सहीसाठी ठेवावा आणि ‘गॅरंटीड’साठी ‘हमीचा’ वापरावा: हमीचा करार, बिनहमीचा करार, अर्धी हमी.

दरवर्षी १० जानेवारी ही मोठी तारीख. त्या दिवशी यादीत असलेल्या सगळ्यांचे करार त्या हंगामापुरते हमीचे होतात. मोकळं केल्यावरचे ४८ तास त्याआधी संपायला हवेत, म्हणून संघांना ७ जानेवारीपर्यंत ठरवावं लागतं. (लिनच्या वर्षी मालक आणि खेळाडूंच्या वादातल्या टाळेबंदीमुळे हंगाम उशिरा सुरू झाला, म्हणून तारीख १० फेब्रुवारी होती.) याला आपल्या कचेऱ्यांमधला ‘कायम होणे’ हा शब्द शोभेल असं मला वाटतं. ‘जानेवारीत तो कायम झाला’ म्हटलं की कुठल्याही मराठी घरात ते काय आहे हे समजतं, पेढेसुद्धा वाटले जातात.

धागाकर्ता:

‘कायम’ कानाला गोड लागतो, पण त्यात निवृत्तीपर्यंतची खात्री येते. इथे फक्त एप्रिलपर्यंतची आहे. मुलांना सांगताना मी ‘हंगामापुरता कायम’ असं जोडून सांगेन. बरं, सॅलरी कॅपचं काय? ‘वेतनमर्यादा’ रुळलाय, पण मग मुलं विचारतात की सगळे संघ मर्यादेच्या वर कसे?

प्रतिसाद ३:

मी एका कारखान्याची पगारपत्रकं करते आणि रात्री जागून एनबीएचे सामने बघते, त्यामुळे हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

‘वेतनमर्यादा’ हा शब्द ठेवा, त्याच्याबरोबरचं क्रियापद बदला. ‘मर्यादा ओलांडली’ म्हटलं की मराठी माणसाला गुन्हा दिसतो. ‘मर्यादेच्या वर आहे’ म्हणा. ही मर्यादा १९८४-८५ च्या हंगामात आली, तेव्हा ती ३६ लाख डॉलर होती. सुरुवातीपासूनच तिला वाटा ठेवलेल्या आहेत. सगळ्यांत प्रसिद्ध वाट बॉस्टनच्या लॅरी बर्डच्या नावाने ओळखली जाते: आपलाच खेळाडू ठेवून घ्यायचा असेल तर मर्यादेच्या वर जाऊनही त्याला पैसे देता येतात.

२०२५-२६ च्या हंगामाचे आकडे ओळीने लावून बघा. वेतनमर्यादा १५ कोटी ४६ लाख ४७ हजार डॉलर. कराची पातळी, म्हणजे जिच्या वर गेलं की संघाला ‘लक्झरी टॅक्स’ भरावा लागतो ती, १८ कोटी ७८ लाख ९५ हजार. त्यावर आणखी निर्बंध आणणाऱ्या दोन रेषा, म्हणजे एप्रन: पहिला एप्रन १९ कोटी ५९ लाख ४५ हजार, दुसरा एप्रन २० कोटी ७८ लाख २४ हजार. मर्यादा आणि कर यांच्यामध्ये तीन कोटींहून जास्त अंतर आहे आणि बरेच संघ तिथेच कुठेतरी किंवा त्याच्या वर राहतात. तुमच्या मुलांच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

‘लक्झरी टॅक्स’ला ‘ऐषकर’ म्हणावं. ‘एप्रन’ मात्र तसाच ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात समजावावा. दुसऱ्या एप्रनच्या वर गेलेल्या संघाला अदलाबदलीत दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, रोख रक्कम देता येत नाही, इतर संघांना मिळणाऱ्या करारांच्या सवलतीही बंद होतात. बाहेरचा मोकळा खेळाडू घ्यायला उरतो एकच मार्ग, किमान वेतनाचा करार. बड्या संघांच्या शेवटच्या तीन-चार जागा किमान वेतनावर भरलेल्या दिसतात त्या यामुळे.

प्रतिसाद १:

आणि ‘हार्ड कॅप’ला? मी ‘लक्ष्मणरेषा’ सुचवतो.

प्रतिसाद ३:

लक्ष्मणरेषा ओलांडली गेली म्हणून तर रामायण घडलं. हार्ड कॅप ओलांडताच येत नाही, लीग तो करार मंजूरच करत नाही. ‘कडक मर्यादा’ बरा. आणि ही कडक मर्यादा संघ स्वतःच ओढवून घेतो. मर्यादेच्या वर असताना बाहेरचा खेळाडू घ्यायची मोठी सवलत वापरली की पहिला एप्रन त्या हंगामापुरता कडक होतो, कर भरणाऱ्या संघांसाठीची लहान सवलत वापरली की दुसरा.

याचं ताजं उदाहरण गोल्डन स्टेटचं. २०२५ मध्ये अल हॉर्फर्डला त्यांनी या लहान सवलतीतून घेतलं, त्यामुळे दुसरा एप्रन त्यांच्यासाठी कडक झाला. सेथ करी शिबिराला आला, ऑक्टोबरमध्ये मोकळा केला गेला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला त्याच संघाने त्याला परत घेतलं. मधल्या काळात त्यांनी १४ जणांवर भागवलं. १४ पेक्षा कमी खेळाडू ठेवायचे तर एका वेळी जास्तीत जास्त दोन आठवडे आणि हंगामात एकूण २८ दिवस, एवढीच मुभा आहे. पंधरावी जागा मात्र हवी तितके दिवस रिकामी ठेवता येते.

आता हिशोब. दहा किंवा जास्त वर्षं खेळलेल्याचं किमान वेतन २०२५-२६ च्या हंगामात ३६ लाख ३४ हजार १५३ डॉलर. करार एका वर्षाचा असेल तर संघाच्या खात्यावर मात्र दोन वर्षं खेळलेल्याच्या दराने २२ लाख ९६ हजार २७४ डॉलरच पडतात, वरचा फरक लीग भरते. हा नियम नसता तर सगळे संघ स्वस्तातली पोरं घेऊन अनुभवी लोकांना घरी बसवते. तो हंगाम २१ ऑक्टोबर ते १२ एप्रिल, म्हणजे १७४ दिवसांचा. भागाकार केला की दिवसाला १३ हजार १९७ डॉलर येतात. १ डिसेंबरला सही झाली असं धरलं तर उरतात १३३ दिवस आणि खात्यावर पडतात साधारण साडेसतरा लाख. सव्वापाच लाखांहून जास्त वाचले, केवळ थांबल्यामुळे. एप्रनच्या काठावर बसलेल्या संघाला एवढ्या फरकानेच दार उघडतं किंवा बंद राहतं.

याला मी शब्द सुचवते ‘दिवसांच्या हिशोबाने वेतन’. ‘प्रो-राटा’ कचेरीत सगळे म्हणतात, पण वाचकाला हेच सोपं.

धागाकर्ता:

हा भागाकार मी मुलांकडून करून घेणार. आता टू-वे आणि टेन-डे राहिले.

प्रतिसाद २:

‘टेन-डे’साठी गिरणगावातला ‘बदली’ शब्द घ्यावा असं मनात येतं. गिरणीच्या दारात रोज हजेरी लावायची, कुणी गैरहजर असेल तर त्या दिवसाचं काम मिळायचं. दहा दिवसांच्या करारावर आलेला खेळाडूही बहुतेक वेळा कुणाच्या तरी दुखापतीमुळे आलेला असतो.

प्रतिसाद १:

भावना पोहोचते, पण एक फरक आहे. बदली कामगाराला उद्याची खात्री नसायची. इथे दहा दिवस किंवा तीन सामने, यांतलं जे लांब असेल तेवढ्याची पूर्ण हमी असते. हे करार ५ जानेवारीपासून सुरू होतात आणि एका हंगामात एका संघाकडून एका खेळाडूला दोनच मिळतात. तिसऱ्या वेळी उरलेल्या हंगामासाठी घ्या, नाहीतर सोडा. शिवाय ‘बदली खेळाडू’ म्हणजे आपल्याकडे सामन्यात मधेच उतरणारा. ‘दहा दिवसांचा करार’ सरळ लिहावं.

भारताशी जोडलेलं उदाहरण इथेच आहे. टोरोंटोत जन्मलेला, सात फूट पाच इंचांचा सिम भुल्लर. सॅक्रामेंटो किंग्जने त्याला २०१४ च्या शिबिराला बोलावलं, ऑक्टोबरमध्ये मोकळं केलं. तो रेनोला खालच्या लीगमध्ये खेळत राहिला आणि २ एप्रिल २०१५ ला दहा दिवसांच्या करारावर परत आला. ७ एप्रिलला मैदानात उतरला तेव्हा एनबीएत खेळणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला. त्या संघाचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले. हेच किंग्ज पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये इंडियानाविरुद्ध दोन सराव-सामने खेळून गेले. तुमच्यापैकी कुणी तिथे असेल तर शेवटच्या पाच-सात मिनिटांत उतरलेली ती अनोळखी मुलं आठवा. आपण टाळ्या वाजवत होतो तेव्हा त्यांतली काही जण नोकरीसाठी खेळत होती.

प्रतिसाद ३:

‘टू-वे’ला ‘दुहेरी करार’ लिहू नका. त्यातून दोन करार असल्यासारखं वाटतं. ‘दोन्हीकडचा करार’ म्हणा, मुख्य संघ आणि त्याचा खालच्या लीगमधला संघ, दोन्हीकडचा. २०१७ मध्ये हे सुरू झालं तेव्हा संघाला अशा दोन जागा होत्या, २०२३ पासून तीन आहेत. पगार नवख्याच्या किमान वेतनाच्या निम्मा, २०२५-२६ च्या हंगामात ६ लाख ३६ हजार ४३५ डॉलर, आणि तो वेतनमर्यादेत किंवा ऐषकरात धरत नाहीत. मुख्य संघाच्या ५० सामन्यांपर्यंतच त्याला यादीत घेता येतं. बाद फेरीत तर खेळवताच येत नाही, त्यासाठी आधी नियमित करार द्यावा लागतो आणि मग पंधरापैकी एक जागा रिकामी लागते.

मार्चमध्ये पंधरावी जागा रिकामी ठेवणारे संघ बरेचदा याच कारणाने ठेवतात, हे मुलांना जरूर सांगा. आणि हेही, की २०२५ चं विजेतेपद मिळवणाऱ्या ओक्लाहोमा सिटीतले लू डॉर्ट आणि अॅलेक्स करूसो एनबीएत आले ते दोन्हीकडच्या करारावर. त्याच संघातल्या आयझेया जोला २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाने मोकळं केलं होतं. ४८ तासांत एकाही संघाने त्याच्यावर दावा केला नाही. मग ओक्लाहोमाने त्याच्याशी नवा करार केला.