मनी गेम्सवर बंदी आली, आता भारतात छोट्या गेम स्टुडिओला कितपत वाव आहे?

खेळगडी
ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर दोनच मतं कानावर येतात: "गेमिंग संपलं" किंवा "आता खऱ्या गेम्सचे दिवस आले". हिशेब कोणीच मांडत नाही. तिघांची टीम आहे (प्रोग्रॅमिंग, आर्ट, डिझाइन), दीड वर्ष तग धरता येईल एवढा पैसा आहे, गेम बनवायचं इंजिन (तयार सॉफ्टवेअर) युनिटी किंवा गोडो. मोबाइलवर फुकट गेम काढून जाहिरातींवर चालवावा की स्टीमवर (पीसी गेम्सचं ऑनलाइन दुकान) विकावा? कायद्याची आमच्यासारख्यांना झळ किती? मराठी-हिंदी देण्यात अर्थ आहे का? हुरूप वाढवणारे प्रतिसाद नकोत, तो आहे.

कलमबहाद्दर
आधी कायदा घेऊ. बंदी आहे ती "ऑनलाइन मनी गेम"वर. म्हणजे खेळाडूने पैसे किंवा पैशासारखं काही लावायचं आणि बदल्यात तसंच काही मिळेल या आशेने खेळायचं. कौशल्य की नशीब हा जुना वाद इथे कामाचा नाही, दोन्ही एकाच मापाने मोजलेत. असा गेम चालवला तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात केली तर २ वर्षं किंवा ५० लाखांपर्यंत किंवा दोन्ही. बँका आणि पेमेंट गेटवे यांनाही असे व्यवहार करायला मनाई आहे. कायद्याला न्यायालयात आव्हान दिलंय, पण निकालाच्या भरवशावर गेम डिझाइन करू नका.

गेम विकणं, सबस्क्रिप्शन, स्किन विकणं, याला धक्का नाही. पाय घसरतो तो नाण्यांवरून. पैसे देऊन घेतलेली नाणी, टोकन, क्रेडिट हेही "लावलेल्या पैशां"त धरलंय. नाणी विकत मिळतात, ती डावावर लावता येतात आणि जिंकलेली नाणी गिफ्ट कार्डात बदलता येतात, अशी साखळी पुरी झाली की तुमचा गोंडस कॅरम मनी गेम ठरू शकतो. म्हणून चलनं दोन ठेवा. विकतच्या चलनाने फक्त सजावट घ्यायची, डावावर फक्त खेळून कमावलेलं लागेल, आणि एकाचं दुसऱ्यात रूपांतर कुठेच होणार नाही. खेळाडूंनी एकमेकांना नाणी भेट देण्याची सोयही काढून टाका. काळा बाजार तिथूनच सुरू होतो, आणि मग "आम्ही तर पैसे देत नाही" हा बचाव लंगडा पडतो.

राहिली उलाढाल. "भारतीय गेमिंग इतक्या हजार कोटींचं" अशा बातम्यांतला मोठा वाटा फँटसी आणि रम्मीचाच असायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण ठेवीवर २८ टक्के जीएसटी लागला तेव्हाच तो धंदा आवळला होता. तुमच्यासारख्या गेमकडे तो पैसा तसाही येत नव्हता. फक्त त्या कंपन्या जाहिरातींवर सढळ खर्च करायच्या, तो गेला. जाहिरातींवर जगणाऱ्या गेमने हे गृहीत धरावं.

शून्य_विशलिस्ट
तिघांना दीड वर्ष असेल तर स्टीम. भारतात खेळाडू अमाप, पण प्रत्येकामागे मिळणारं उत्पन्न तुटपुंजं. कोट्यवधी डाउनलोड खेचणारा लुडो किंग (२०१६, नवी मुंबई) दाखवून कोणी भुलवू नये. तो आकार असेल तरच जाहिरातींचं गणित जुळतं.

गणित असं. भारतात ४०० रुपयांना विकलेल्या प्रतीतून आधी १८ टक्के जीएसटी जातो, उरतात सुमारे ३३९. स्टीमचे ३० टक्के गेले की हातात २३७. अमेरिकेत १० डॉलरला विकलेल्या प्रतीतून स्टीमचा वाटा जाऊन ७ उरतात. त्यावर भारत-अमेरिका कर-करार लागू झाला तर १५ टक्के कर कापून ५.९५, नाही झाला तर ३० टक्के कापून ४.९०. हा फरक एका रकान्याने पडतो: टॅक्स इंटरव्ह्यूमध्ये (स्टीमचा कराविषयीचा ऑनलाइन फॉर्म) परदेशी करदाता क्रमांक विचारतात तिथे पॅन टाकायचा आणि या कराराचा लाभ मागायचा. कापलेल्या कराचं क्रेडिट इथे विवरणपत्र भरताना मागता येतं, त्याचा फॉर्म वेगळा असतो. सीएला आधीच सांगा. बँकेतलं नाव आणि स्टीमवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळू द्या, आणि पैसे जमा झाल्यावर बँकेकडून परदेशी रकमेची पावती दरवेळी मागून ठेवा. जीएसटीत निर्यात दाखवताना तीच लागते.

वेळापत्रक: एका गेमची फी १०० डॉलर, १००० डॉलर कमाईनंतर परत मिळते. फी भरल्यापासून ३० दिवस रिलीज करता येत नाही, आणि "कमिंग सून" पान किमान दोन आठवडे वर असावं लागतं. ही झाली किमान अट. दोन आठवडे पान ठेवून रिलीज करणं म्हणजे गेम विहिरीत टाकणं. पान सहा-आठ महिने आधी चढवा. नेक्स्ट फेस्टमध्ये (येऊ घातलेल्या गेम्सच्या डेमोंचा स्टीमवरचा महोत्सव) एक गेम एकदाच घेता येतो, म्हणून डेमो कच्चा असेल तर पुढच्या फेस्टपर्यंत थांबा. रिफंडची मुदत १४ दिवस, दोन तासांहून कमी खेळलेलं असेल तर. गेम दीड तासात संपत असेल तर हा धोका किंमत ठरवताना धरा.

ड्रॉकॉल
शून्य_विशलिस्ट यांच्याशी बहुतांशी सहमत. तरी मोबाइलच करायचा असेल तर ३ जीबी रॅमचा फोन टेबलावर ठेवूनच करा. २०४८ × २०४८ चं कॉम्प्रेस न केलेलं टेक्स्चर (वस्तूंवर चढवायचं चित्र) मेमरीत १६ एमबी खातं, एएसटीसी ६×६ या पद्धतीने कॉम्प्रेस केलं तर सुमारे १.८ एमबी. अशी वीस टेक्स्चर एका सीनमध्ये आली की फरक कळतो.

स्वस्त फोनवर हमखास होणारा घोळ: बक्षिसाची जाहिरात सुरू होते, व्हिडिओला मेमरी लागते, अँड्रॉइड तुमची अख्खी प्रोसेस मारतो. खेळाडूने तीस सेकंद जाहिरात बघितली, बक्षीस मात्र नाही. लगेच एक स्टार. उपाय: जाहिरात दाखवण्याआधी स्थिती सेव्ह करा, "बक्षीस बाकी" अशी नोंद ठेवा, आणि सर्व्हरवरून जाहिरात पूर्ण झाल्याची खात्री झाली की पुढच्या वेळी गेम उघडताच द्या. नुसत्या फोनवरच्या नोंदीवर दिलंत तर जाहिरात अर्ध्यात मारून बक्षीस उकळणारे निघतात.

नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ ला लक्ष्य करणाऱ्या नव्या ॲप्सना १६ केबी मेमरी पेजची (फोन मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो त्यांचा आकार) अट आहे. तुमचा कोड ठीक असतो, अडतं ते जुन्या प्लगइनमधल्या (बाहेरून घेतलेले तयार भाग) नेटिव्ह लायब्ररीवर. शेवटच्या आठवड्यात कळलं तर बोंब.

मात्रावेलांटी
भाषेबद्दल. नुसतं भाषांतर करून चालत नाही, अक्षरं नीट उमटायला हवीत. युनिटीचं टेक्स्टमेशप्रो (पडद्यावर मजकूर उमटवणारा भाग) देवनागरीची जुळणी करत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडते, "क्ष" फुटून "क्‌ष" होतो. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, कारण फॉन्टात आकार असतात, पण कोणता कुठे बसवायचा हे सांगणारा शेपर इंजिनात लागतो. गोडो ४ आणि अनरियल या इंजिनांत तो आहे. देवनागरी नक्की करायची असेल तर इंजिन निवडतानाच हा विचार करा, नंतर सगळे मेन्यू चित्रं म्हणून बनवावे लागतात. बटणांना उंचीही जास्त द्या. वर रफार-अनुस्वार, खाली उकार, इंग्रजीच्या मापाने आखलेल्या चौकटीत हे कापलं जातं. विक्रीसाठी म्हणाल तर मोबाइलवर हिंदी-मराठीचा उपयोग जास्त, स्टीमवर तेवढा नाही.

क्यूए_काका
चित्र थोडं मोठं करून पाहा. या देशात गेमचा कसबी माणूस तयार झाला तो परदेशी कंपन्यांच्या कामावर. बंगळुरूचं ध्रुव इंटरॲक्टिव्ह १९९७ चं, २०१९ मध्ये ते रॉकस्टारने (जीटीए गेम काढणारी कंपनी) घेतलं. युबीसॉफ्ट ही फ्रेंच गेम कंपनी पुण्यात २००८ पासून, मुंबईत २०१८ पासून. त्यामुळे थ्रीडी आर्टिस्ट आणि टेस्टर मुबलक, पण गेमची अर्थव्यवस्था आखणारे आणि प्रकल्प शेवटाला नेणारे प्रोड्यूसर शोधावे लागतात. तुमच्या तिघांत चौथा घ्यायचा झाला तर तो प्रोड्यूसर असू द्या. पुण्यातच बनलेल्या "राजी" या गेमने २०२० मध्ये दाखवलं की भारतीय विषय कन्सोलवर जाऊ शकतो, आणि त्यांची किकस्टार्टर मोहीम (लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायची) फसली होती हेही लक्षात असू द्या.

निधीचे मार्ग म्हणजे सोनीचा इंडिया हीरो प्रोजेक्ट आणि क्राफ्टनचा इन्क्युबेटर. दोघांनाही खेळता येणारं बिल्ड दाखवावं लागतं, सादरीकरणावर भागत नाही. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२५ मध्ये ३,२६८ कोटींचं एव्हीजीसी (ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स) धोरण मंजूर केलंय, पण ते २०५० पर्यंतचं आहे. तुमच्या दीड वर्षाच्या हिशेबात त्यातला रुपयाही धरू नका. आणि फक्त भारतीय बाजारावर विसंबू नका. बीजीएमआयसारखा (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) तगडा गेमही जुलै २०२२ मध्ये एका आदेशाने स्टोअरवरून गेला, परतला मे २०२३ मध्ये. दहा महिने शून्य उत्पन्न तिघांची टीम काढू शकत नाही.

खेळगडी
सर्वांचे आभार. स्टीम, गोडो, इंग्रजी आधी आणि देवनागरीची सोय पहिल्या दिवसापासून, असं ठरतंय. डेमोची छोटी आवृत्ती प्ले स्टोअरवर फुकट टाकायचा विचार आहे, त्यात काही अडचण?

ड्रॉकॉल
खातं वैयक्तिक आणि नवं असेल तर आहे. आधी १२ टेस्टर सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टमध्ये (फक्त बोलावलेल्यांसाठीची चाचणी) हवेत. मध्येच कोणी बाहेर पडून संख्या १२ च्या खाली गेली की अडकलात, म्हणून वीसेक जण घ्या. कंपनीच्या नावाने खातं काढलं तर ही अट नाही, पण त्याला डी-यू-एन-एस क्रमांक (कंपनीची आंतरराष्ट्रीय ओळख) लागतो आणि त्यावरचा पत्ता कंपनीच्या कागदांशी जुळावा लागतो. त्याचा अर्ज आजच टाका.