कॉमिक-कॉनला सीट नंबर मिळतच नाही का? मदत हवी आहे

सॅनहोजेवाली: कॉमिक-कॉन म्हणजे कॉमिक्स-सिनेमाच्या चाहत्यांचा मेळावा, त्याचे बॅज (प्रवेशपत्रं) मिळालेत, हॉटेलही झालंय. लेकीला शनिवारचं मोठं पॅनेल (कलाकारांच्या मंचावरच्या गप्पा) बघायचंच आहे, पण खुर्ची निवडायची सोय कुठेच दिसत नाही. जास्त पैसे भरून जागा पक्की होते का? लवकर सांगा, उद्या विमानाची तिकिटं काढायचीत.

पानवाचक: सॅन डिएगो की न्यूयॉर्क? कुठला हॉल? किती जण?

सॅनहोजेवाली: सॅन डिएगो. हॉल एच. तिघं.

इर्व्हाइनकर: ताई, तिथे आरक्षण हा प्रकारच नाही. बॅजवर कन्व्हेन्शनमध्ये शिरता येतं, पॅनेलला जागा मिळेलच असं नाही. हॉल एचमध्ये साधारण 6,500 माणसं मावतात, बॅजवाले लाखाच्या वर. आदल्या रात्री रांगेत मनगटपट्ट्या वाटतात: ए, बी, सी, डी. त्यावरून आत सोडायचा तुमचा गट कळतो, खुर्ची नाही. शिवाय दोन पॅनेलच्या मधे हॉल रिकामा करत नाहीत. संध्याकाळचं पॅनेल हवं असलेले लोक सकाळपासून आत ठाण मांडून बसतात.

गोल्डपास: म्हणूनच मी क्रिएशन एंटरटेनमेंट या कंपनीच्या चाहता-मेळाव्यांना जाते. तिकिटावर ओळ आणि खुर्चीचा नंबर छापलेला. कॉफी घेऊन निवांत परत या, जागा तुमचीच.

रांगेतला_राजा: आणि पुढची खुर्ची सगळ्यात महाग! ज्याचा खिसा जड तोच पुढे. फुटपाथवर रात्र काढणाऱ्या कॉलेजच्या पोरांनी काय करायचं?

गोल्डपास: रात्र काढायला रजा लागते, धडधाकट पाठ लागते. ती तरी सगळ्यांकडे असते का?

पानवाचक: दोन्हीपेक्षा लॉटरी बरी. स्टार वॉर्स सेलिब्रेशन या त्या सिनेमांच्या चाहत्यांच्या मेळाव्याला मोठ्या पॅनेलसाठी तीच असते. नंबर नाही लागला तर निदान अख्खा दिवस वाया जात नाही.

सदाशिवपेठी: जागा अडवून बसणं सवाईलाही भारतीय बैठकीत असतंच. एक जण येऊन पाच जणांची सतरंजी अंथरतो आणि मागचे बघत राहतात. अशा सतरंज्या उचलायलाच हव्यात.

ट्रॉलीप्रेमी: गाडी अजिबात नेऊ नका. ट्रॉली, म्हणजे तिथली शहरातली रेल्वे, थेट कन्व्हेन्शन सेंटरसमोर थांबते.

सॅनहोजेवाली: ट्रॉलीचं नाही विचारलं हो. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन चालतात. रात्रभर रांगेत कसे बसणार?

इर्व्हाइनकर: अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! डेफ अँड डिसेबल्ड सर्व्हिसेसचा (कर्णबधिर आणि अपंगांसाठीच्या सेवेचा) वेगळा कक्ष आहे, त्यांची रांगही वेगळी. वॉकरबद्दल त्यांना आजच ईमेल करा. मात्र सोबत एकच माणूस चालतो, तिघं नाही.

सॅनहोजेवाली: मग तिसरं कोण? लेक तेरा वर्षांची आहे, रात्री रांगेत एकटी नाही ठेवणार.

इर्व्हाइनकर: लेकीला बाबांची सोबत म्हणून पाठवा. पॅनेल तिला बघायचंय ना? साध्या रांगेत तुम्ही लागा. तुमची पट्टी तुम्हालाच हजर राहून घ्यावी लागेल, म्हणून विमान शुक्रवारी दुपारच्या आत उतरेल असंच बघा.

रांगेतला_राजा: आणि जाड जाकीट न्या. खाडीवरचा वारा जुलैतही रात्री झोंबतो.

सॅनहोजेवाली: गुरुवार रात्रीचं विमान बघते. ईमेल आत्ताच टाकला.